यंत्राला मोर दिसत नाही!



आज एका मोराची गोष्ट सांगणार आहे. हा मोर खाकी कागदाचा. माझ्या आईनं, म्हणजे माझ्या भाचीच्या आजीनं, तो फार वर्षांपूर्वी कात्रीनं कापला. दर दिवाळीला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तो बाहेर यायचा. आई तो काळ्या कार्डशीटवर ठेवायची, पेन्सिलीनं गिरवायची आणि बारीक कात्रीनं कापायची. मागून पतंगाचा रंगीत कागद लावला, आत दिवा सोडला की आकाशकंदिलाच्या चारही बाजूंना मोर पिसारा फुलवून उभा!

आता आईची बोटं थरथरतात. कात्री हातात ठरत नाही. तो खाकी कागदही घड्यांवर फाटत चाललाय. आठ दिवसांवर दिवाळी आली आणि आई म्हणाली, ‘‘यंदा बाजारातूनच आणा रे कंदील.’’

आठवीतली माझी भाची हे ऐकून गप्प बसणार होय? ‘‘आजी, अजिबात नाही. यंदा मोर मी कापणार. म्हणजे मी नाही, आपलं मशीन कापेल!’’

हे मशीन म्हणजे घरगुती कटिंग मशीन. पाकिटं, भेटकार्डं करायला तिच्या आईनं घेतलेलं. तुमच्यापैकी कुणाच्या शाळेच्या छंदवर्गात ते असेलही. दिसायला प्रिंटरसारखं. पण प्रिंटरमध्ये शाई असते, तिथे याच्यात छोटंसं पातं असतं. कागद एका चिकट चटईवर लावायचा. चटई पुढे-मागे सरकते, पातं डावीकडे-उजवीकडे सरकतं. दोन्ही हालचाली मिळाल्या की हवी तशी वळणदार रेघ कापली जाते.

आमच्या भाचीबाईंनी काय केलं? खाकी मोर सतरंजीवर ठेवला, मोबाइलवर फोटो काढला, तो मशीनच्या प्रोग्रॅममध्ये घातला आणि बटण दाबलं. पातं कुरुकुरु चाललं. बराच वेळ चाललं. चटईवरून कार्डशीट उचललं, तर हातात आल्या नुसत्या चिंध्या! मोराच्या पाठीवरची कागदाची घडी कापली होती. सतरंजीचे पट्टे कापले होते. फोटो काढताना पडलेली तिच्याच डोक्याची सावलीसुद्धा कापली होती! पुन्हा केलं, पुन्हा तेच. चार कार्डशीट वाया गेले आणि मग फोन आला, ‘‘मामा, मशीन बिघडलंय.’’

मशीन अजिबात बिघडलं नव्हतं, बरं का. त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलं. घोळ झाला होता तो सांगण्यात. यंत्राला कसं सांगायचं, हाच आपला आजचा विषय.

ठिपक्यांचं चित्र आणि रेघांचं चित्र

आधी एक खेळ खेळू. आलेख कागद घ्या, तोच तो गणिताच्या तासाला लागतो तो. मित्राला समोर बसवा. तुम्ही फक्त बोलायचं, त्यानं फक्त ऐकून काढायचं. ‘‘पेन्सिल दोन-दोनवर ठेव. आठ-दोनपर्यंत सरळ जा. तिथून पाच-आठपर्यंत सरळ. आता जिथून निघालास तिथे परत ये.’’ त्याच्या कागदावर काय उमटलं? त्रिकोण! तुम्ही ‘त्रिकोण’ हा शब्द उच्चारलासुद्धा नव्हता.

कटिंग मशीन म्हणजे हा तुमचा मित्र. त्याला ‘मोर काप’ म्हणून कळत नाही. इथे टेक, तिथवर जा, आता वळ, आता थांब, एवढंच त्याला समजतं.

मोबाइलमधला फोटो मात्र वेगळ्या जातीचा असतो. तो म्हणजे अगदी बारीक चौकटींचा कागद. प्रत्येक चौकटीत एकेक रंग भरलेला, कुठे काळा, कुठे खाकी, कुठे सतरंजीचा लाल. त्यात रेघ नावाची चीजच नाही. जेपीजी आणि पीएनजी या फाइली या जातीच्या. आपण त्यांना ठिपक्यांची चित्रं म्हणू.

दुसरी जात रेघांच्या चित्रांची. त्यातली आपल्या कामाची फाइल म्हणजे एसव्हीजी. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. आत चित्र नाहीच! नुसती अक्षरं आणि आकडे. ‘एम’ आलं की पातं उचलून त्या जागी न्यायचं, ‘एल’ आलं की सरळ रेघ, ‘सी’ आलं की वळण, ‘झेड’ आलं की सुरुवातीच्या ठिकाणी परत. म्हणजे तुमचा आलेख कागदाचा खेळच लिहून ठेवलेला! ही पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनं २००१ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली. दुसरी डीएक्सएफ. ती त्याहून जुनी, १९८२ मधली. ऑटोकॅड हा इंजिनिअर मंडळींचा आराखडे काढायचा प्रोग्रॅम आला, त्याच्याबरोबर ती आली.

तुम्ही विचाराल, सरळ रेघ ठीक आहे, पण मोराची मान? ते वळण आकड्यांत कसं सांगायचं? हा प्रश्न फ्रान्समधल्या मोटार कंपन्यांपुढे आला होता. मोटारीचे गोलवा कागदावर सुंदर दिसायचे, पण यंत्राला ते सांगायचे कसे? सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये त्याची युक्ती शोधली. कंपनीनं ती गुपित ठेवली. पुढे १९६० च्या दशकात रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी आपल्या वाटेनं तशीच पद्धत बसवली आणि ती प्रसिद्धही केली. म्हणून अशा वळणाला आज ‘बेझिए वळण’ म्हणतात. युक्ती सोपी आहे. दोन टोकांचे दोन बिंदू, आणि रेघेला आपल्याकडे ओढणारे आणखी दोन बिंदू. चार बिंदू सांगितले की झालं वळण तयार! आमच्या मोराची मान अशा तीन वळणांत बसली.

फोटोतून रेघ काढताना

म्हणजे आता काम काय? ठिपक्यांच्या चित्रातून रेघांचं चित्र काढायचं. त्यासाठी आम्ही ‘इंकस्केप’ हा प्रोग्रॅम वापरला. २००३ मध्ये सुरू झालेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतो. दुसरा कुठला असला तरी चालेल, कृती साधारण तीच.

पण संगणकाला हात लावायच्या आधीच अर्धं काम होतं. खाकी मोर आम्ही पांढऱ्या कागदावर ठेवला, टोकदार पेन्सिलीनं गिरवला आणि मग तो आकार काळ्या स्केचपेननं पूर्ण भरून टाकला. नुसती बाह्यरेषा काढली नाही हं! आतून सगळा काळा.

का बरं? कारण स्केचपेनच्या रेघेला जाडी असते. नुसती बाह्यरेषा दिली, तर प्रोग्रॅमला त्या रेघेच्या दोन कडा दिसतात, एक आतली आणि एक बाहेरची. मशीन दोन्ही कापतं. मग मोराऐवजी हातात येतो मोराच्या आकाराचा कागदी दोरा! आकार भरलेला असला की कड एकच उरते.

मग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मोबाइल कागदाला अगदी समांतर धरून फोटो काढला. तिरका धरला तर मोराचं डोकं मोठं आणि पाय बारके येतात. घरी स्कॅनर असेल तर सोन्याहून पिवळं.

इंकस्केपमध्ये फोटो आणला, तो निवडला आणि ‘पाथ’ या यादीतलं ‘ट्रेस बिटमॅप’ वापरलं. तिथे एक आकडा मागेपुढे करता येतो. किती गडद असलं म्हणजे काळं धरायचं आणि किती फिकट असलं म्हणजे सोडून द्यायचं, याची ती सीमा. आकडा खूप कमी ठेवला तर पिसाऱ्याची टोकं गळतात, खूप वाढवला तर सावलीसुद्धा मोर होऊन बसते. दोन-चारदा करून पाहायचं.

आता एक गंमत, जिथे नवशिके हमखास फसतात. काढलेलं रेघांचं चित्र बरोबर फोटोच्या वर बसतं. वाटतं, काहीच झालं नाही! वरचं चित्र माउसनं बाजूला ओढा. खाली जुना फोटो दिसेल. तो काढून टाका.

यंत्राचा चष्मा

आता मी भाचीला म्हटलं, ‘‘बाई, यंत्राचा चष्मा लाव.’’ इंकस्केपमध्ये ‘व्ह्यू’ यादीत ‘डिस्प्ले मोड’ आहे, त्यात ‘आउटलाइन’ निवडायचं. झटकन सगळे रंग नाहीसे होतात आणि उरतात केसासारख्या बारीक रेघा. पातं ज्या वाटेनं जाणार ती हीच वाट. सुंदर, काळाभोर, भरलेला मोर पाहून आपण फसतो. हा चष्मा लावला की फसत नाही.

भाचीनं पाहिलं आणि ओरडलीच, ‘‘मामा, याला देवी आल्यात!’’ खरंच, पडदाभर बारीक बारीक गोळे. कागदावरचे डाग, पेनचे ठिपके. प्रत्येक गोळा म्हणजे पात्याचं एक टोचणं. ते निवडून पुसले. मग रेघांवरचे बिंदू पाहिले. हातानं काढलेल्या थरथरत्या कडेला प्रोग्रॅमनं शेकडो बिंदू दिले होते. पातं प्रत्येक बिंदूशी अडखळतं आणि कागदाला दातरे पडतात. ‘पाथ’ यादीतलं ‘सिम्प्लिफाय’ एकदा दाबलं, बिंदू कमी झाले, कड गुळगुळीत झाली. भाचीला मजा वाटली, तिनं पाच-सहादा दाबलं. मोराची चोच गोल होऊन बदक झालं! एक-दोनदा दाबलेलं पुरे. बिघडलं तर ‘अनडू’ आहेच.

आणखी एक सापळा. मोराचे पाय बारीक होते म्हणून तिनं प्रोग्रॅममध्येच जाड रेघ ओढली होती. पडद्यावर छान जाड पाय. पण चष्म्यातून पाहिलं तर फक्त एकेक रेघ! पातं जाडी पाहत नाही, रेघेच्या मधोमध जातं. मग पायाच्या जागी नुसती एक चीर पडते. अशा वेळी ‘स्ट्रोक टू पाथ’ वापरायचं, म्हणजे जाड रेघेच्या दोन्ही कडा तयार होतात. आणि मग पाय व अंग दोन्ही निवडून ‘युनियन’ करायचं, म्हणजे ते एकजीव होतात. नाहीतर पाय अंगापासून तुटून खाली पडतात.

आजीची दांडी

एवढं होईपर्यंत संध्याकाळ झाली. आई चहाचा कप घेऊन मागे येऊन बसली होती. तिला संगणकातलं काही कळत नाही, असा आमचा समज. ती चष्मा सावरून म्हणाली, ‘‘त्या पिसांतल्या डोळ्याला दांडी कुठाय गं?’’

‘‘कसली दांडी, आजी?’’

आई उठली आणि रांगोळीच्या डब्यातून पत्र्याचा छापा घेऊन आली. ‘‘हे बघ. कमळ आहे ना? आतल्या गोलाला बाहेरच्या पत्र्याशी धरून ठेवणाऱ्या या चार दांड्या. त्या नसत्या तर आतला गोल पडला असता. कागदाचंही तसंच. सगळीकडून कापलंस तर मधला तुकडा पडणार.’’

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. पिसाऱ्यात थेंबाच्या आकाराची भोकं होती आणि प्रत्येक भोकात मधोमध एक काळा डोळा. पडद्यावर तो डोळा ऐटीत तरंगत होता. पण कागद हवेत तरंगतो का? कापल्याबरोबर सगळे डोळे खाली! खाकी मोर नीट पाहिला तर प्रत्येक डोळ्याला खालून एक बारीक दांडी होती. आम्ही गिरवताना ‘चुकून राहिलेला कागद’ समजून तीच पुसली होती!

नियम लक्षात ठेवा. चारी बाजूंनी बंद रेघेच्या आत जे आहे, ते सुटून येणार. सुटायला नको असेल तर त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणारी दांडी हवी. दांडी दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नका, चटईवरून उचलताना तुटते. आम्ही प्रत्येक डोळ्याखाली एक छोटा आयत काढला आणि ‘युनियन’ केलं. झाली दांडी.

यंत्रात फाइल घालण्याआधी मनातल्या मनात कागद उचलून झटकून पाहायचा. काय पडेल? आई हे कात्री चालवण्याआधी करायची, आपण बटण दाबण्याआधी करायचं.

आपली अक्षरं आणि शिरोरेघ

कंदिलाच्या चौथ्या बाजूवर ‘शुभ दीपावली’ लिहायचं ठरलं. मराठी अक्षरांची अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी असते, म्हणून नीट सांगतो.

पहिली अडचण फाँटची. तुम्ही छान फाँटात लिहिलं आणि फाइल मित्राकडे पाठवली. त्याच्याकडे तो फाँट नसला की अक्षरं बदलतात. जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट असले तर विचारूच नका, ‘शुभ दीपावली’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून पाठवण्याआधी शब्द निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करायचं. मग तो शब्द शब्द राहत नाही, आकार होतो आणि सगळीकडे सारखाच दिसतो. पण त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही हं! म्हणून आधीची प्रत वेगळ्या नावानं ठेवायची आणि मोठ्या माणसाला एकदा वाचून दाखवायचं. ‘दिपावली’ कापून झाल्यावर वेलांटी दुरुस्त करता येत नाही.

दुसरी अडचण शिरोरेघेची. पडद्यावर शिरोरेघ सलग दिसते, पण प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि शेजाऱ्याला टेकवतं. यंत्राचा चष्मा लावला की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते. तसंच कापलं तर दी, पा, व, ली सगळे सुटे! इथेही औषध तेच. सगळं निवडा आणि ‘युनियन’ करा. कुठे फट राहिली तर शिरोरेघेवर त्याच जाडीची एक आडवी पट्टी ठेवून तीही जोडून टाका.

तिसरी अडचण आजीच्या दांडीची. अक्षरं कापून दुसऱ्या कागदावर चिकटवायची असतील तर काही प्रश्न नाही. पण कंदिलासारखं अक्षराच्या जागी भोक पाडायचं असेल, तर ‘व’च्या पोटातला तुकडा पडतो. शिरोरेघेमुळे ‘प’चं पोटही वरून बंद होतं, तोही पडतो. वेलांटीच्या कमानीखालचा तुकडाही पडतो. प्रत्येकाला एकेक दांडी द्यावी लागते. आपल्या नावात अशा किती बंद खोल्या आहेत, मोजून पाहा बरं!

वीसचे पावणेसत्तावीस कसे झाले?

आमचा मोर एकदाचा नीट कापला गेला. बरोबर २० सेंटिमीटर. बांबूच्या कामट्यांची चौकट २० सेंटिमीटरची, त्यात चपखल बसला. भाचीनं लगेच फाइल बंगळूरला मावसभावाकडे पाठवली. त्याच्याकडेही असंच मशीन, पण दुसऱ्या कंपनीचं. तासाभरात त्याचा फोन, ‘‘ताई, तुझा मोर केवढा मोठा! माझ्या चौकटीबाहेर चाललाय. मोजला तर जवळजवळ २६.७ सेंटिमीटर!’’

भाचीनं वही काढली. २६.७ भागिले २० म्हणजे सुमारे १.३३. म्हणजे चार तृतीयांश. हा अपूर्णांक आला कुठून?

त्याचं असं आहे. रेघांच्या चित्रात आकडे असतात, पण एक आकडा म्हणजे किती लांबी, याबाबत सगळ्या प्रोग्रॅमांचं एकमत नसतं. आमच्या प्रोग्रॅमनं एका इंचात ९६ भाग धरले होते, त्याच्या प्रोग्रॅमनं ७२ धरले. आमचे ९६ भाग म्हणजे एक इंच. त्याच्याकडे तेच ९६ भाग ७२ च्या हिशेबानं मोजले गेले. ९६ भागिले ७२ म्हणजे चार तृतीयांश! उलट घडलं असतं तर मोर तीन चतुर्थांश, म्हणजे १५ सेंटिमीटरचा झाला असता. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्यांत तर ९० भाग असत. २०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीपासून ते ९६ झाले. डीएक्सएफमध्ये आणखी एक घोटाळा होऊ शकतो. एकानं मिलिमीटर लिहिलेले, दुसऱ्यानं इंच वाचले, की चित्र २५.४ पट मोठं!

भाचीनं भावाला सांगितलं, ‘‘७५ टक्के कर.’’ त्यानं केलं आणि मोर २० सेंटिमीटरचा झाला. अपूर्णांक शिकून काय उपयोग, असं पुन्हा विचारायचं नाही, काय?

तेव्हापासून भाची एक युक्ती करते. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात बरोबर ५ सेंटिमीटरचा एक चौकोन ठेवते आणि नावातच लिहिते, ‘मोर, २० सेंटिमीटर’. ज्याला फाइल मिळेल त्यानं आधी चौकोन मोजायचा. पाच भरला तर पुढे जायचं. नाही भरला तर आधी माप सुधारायचं आणि कापण्यापूर्वी तो चौकोन पुसायचा.

फाइल ठेवायची कशी?

एका चित्राच्या तीन फाइली ठेवा. पहिली मूळ फोटो किंवा स्कॅन. दुसरी कामाची फाइल, जिच्यात अक्षरं अजून बदलता येतात. तिसरी कापायची फाइल, जिच्यात सगळं आकारांत बदललेलं, जोडलेलं आणि तपासलेलं. ही तिसरी ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून जतन करा. काही यंत्रांबरोबर फुकट मिळणारे प्रोग्रॅम एसव्हीजी उघडत नाहीत, पण डीएक्सएफ उघडतात. त्यांच्यासाठी डीएक्सएफही काढून ठेवा. तिच्यात रेघा जातात, रंगाचा भराव जात नाही. म्हणून ती पुन्हा उघडून, सगळं आलंय ना, ते पाहायचं.

आणि हो, नुसतं नाव बदलून जात बदलत नाही! ‘मोर’च्या पुढचं जेपीजी खोडून तिथे एसव्हीजी लिहिलं की झालं, असं आमच्या भाचीलाही वाटलं होतं. पाटीवर ‘आंबा’ लिहून कैरी पिकत नाही.

पहिल्यांदा नेहमी वर्तमानपत्राच्या पुरवणीचा किंवा रद्दी वहीचा कागद लावून कापा. चुका तिथेच सापडू देत. चांगलं कार्डशीट शेवटी.

दोन शब्द आईबाबांसाठी. पातं लहान असलं तरी ब्लेडसारखं धारदार असतं. ते बसवताना आणि काढताना मोठ्यांनी जवळ असावं आणि मशीन चालू असताना आत बोट घालू देऊ नये. दुसरं, तयार फाइली पुष्कळ मिळतात. पण त्या कुणीतरी मेहनतीनं काढलेल्या असतात. विचारल्याशिवाय घेऊन शाळेच्या जत्रेत विकणं बरं नव्हे. त्यापेक्षा मुलांना घरातलंच एखादं चित्र द्या. आजीच्या भरतकामाचा नमुना, दारातल्या रांगोळीची कड, आजोबांची सही. असं चित्र फाइलीत आलं की ते जपलंही जातं.

आमच्या मोराचं तसंच झालं. वसुबारसेला गॅलरीत कंदील लागला. आईनं तो बराच वेळ पाहिला. म्हणाली, ‘‘माझ्यापेक्षा साफ कापलंय.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण तिसऱ्या पिसाची दांडी जाड झालीय. पुढल्या वर्षी बारीक करा.’’ भाचीनं तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. खाकी मोर पुन्हा बिस्किटाच्या डब्यात गेला. आता त्याला गिरवायला कुणी बाहेर काढणार नाही, म्हणजे तो आणखी फाटणारही नाही.

आता तुमचं काम. घरातलं एक साधं चित्र निवडा. ते पांढऱ्या कागदावर गिरवा, काळ्यानं भरा आणि लाल पेननं जिथे जिथे दांडी लागेल तिथे खूण करा. मशीन नसलं तरी चालेल, कात्री आहेच! कापा, उचला, झटका. काही पडलं नाही, तर तुमचं चित्र मशीनसाठीसुद्धा तयार आहे असं समजा.

भेटू पुढच्या आठवड्यात.